पल्याडनं बांगडी दिसती का

दस्तगीर, दमलो बघ. तू गेलास म्हणून चार घटका गप्प बसावं म्हटलं तर लोक बसू देत नाहीत. सकाळी दार उघडायच्या आत कोणीतरी ओट्यावर येऊन बसलेलं असतं. तोंड उतरलेलं, पटका मांडीवर. "लई वाईट झालं मास्तर," म्हणतात. मी व्हय म्हणतो. मग पाणी पितात, थोडा वेळ भिंतीकडं बघतात आणि खाकरून हळूच विचारतात, "पर चंद्राचं काय झालं?"

पहिल्या दिवशी मला राग आला. माणूस मातीआड होऊन दिवस उलटला नाही आणि ह्यांना कागदावरच्या बाईची काळजी. पुढं पुढं राग यायचाही थांबला. तुला हे कळलं असतं तर मांडीवर थाप मारून म्हणाला असतास, "मास्तर, माझ्यापेक्षा तिचं सुतक मोठं निघालं की." हे मनात आलं की मला हसू येतं, आणि त्याच्या मागोमाग रडू येतं. समोरच्याला वाटतं, मास्तर हसले म्हणजे ह्यांना शेवट ठाऊक आहे. तो आणखी चिकटून बसतो.

शेवट मला ठाऊक आहेच. पण तू सांगितलेला तो शेवट खरा, की माझ्यावर नुसता घासून बघितलेला, हे मला कोणी सांगायचं? छापखान्यात अंकाचे खिळे जुळवून तयार आहेत. शेवटची दोन पानं तेवढी कोरी आहेत. तिथं काय जायचं ते मी ठरवायचं, आणि ठरवताना ज्याला विचारायचं तो गावाबाहेरच्या कबरस्तानात झोपला आहे.

तुला तुझी गोष्ट सांगायची गरज नाही, पण आमचं मासिक ज्यांनी कधी हातात धरलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. चंद्रा नदीकाठच्या गावची. नवरा सखाराम सरकारच्या लढाईवर आगबोटीनं गेला आणि तिकडंच मेला अशी खबर आली. तिच्या बांगड्या फुटल्या. वर्ष सरल्यावर पंचांनी जातीतल्याच रामू नावाड्याशी तिचा पाट लावला आणि तिचे हात पुन्हा भरले. रामू भला माणूस. संसार चालला होता. आणि तू लिहिलेल्या शेवटच्या प्रकरणाच्या शेवटच्या ओळीत नदीच्या पल्याड एक माणूस येऊन उभा राहिला, त्यानं नावेला हाक दिली आणि अल्याड उभ्या असलेल्या चंद्रानं तो आवाज ओळखला. नाव हाकायला निघाला तिचा दुसरा नवरा. पल्याड उभा पहिला. एवढं लिहून तू खोकत पडलास आणि उठला नाहीस. लोक माझ्या ओट्यावर बसतात यात त्यांची तरी काय चूक.

आपली ओळख लेखक आणि संपादक म्हणून झाली नाही. मी पेठ वडगावच्या शाळेत नवा मास्तर होतो आणि तू गल्लोगल्ली बांगड्या भरत फिरणारा मणेर. आमची लक्ष्मी नुकतीच नांदायला आली होती. ती ओसरीवर बसली होती, तू तिच्या हातात बांगड्या भरत होतास, मी आत जेवत होतो. तिचा हात कामानं ताठलेला, बांगडी गाठीपाशी अडायची. तू गोष्ट सुरू केलीस. कुठल्याशा पाटलाची म्हैस हरवली आणि ती नेमकी त्याच्याच वैऱ्याच्या गोठ्यात जाऊन व्याली. आता म्हैस कुणाची आणि रेडकू कुणाचं. लक्ष्मी ऐकायला लागली, हात सैल पडला, आणि पंचायत बसायच्या आत सगळ्या बांगड्या चढल्या होत्या. तू उठून पेटी बांधायला लागलास. मी हातातला घास तसाच घेऊन बाहेर आलो आणि विचारलं, "म्हशीचं काय झालं?"

तू मान वर न करता म्हणालास, "कुणाला ठाव. बांगड्या झाल्या की."

तुझ्या गोष्टीचा शेवट विचारत दारात आलेला पहिला माणूस मीच. आता ती पाळी माझ्यावर आली आहे, आणि मला तुझ्यासारखं मान खाली घालून पेटी बांधता येत नाही.

पुढं मी नोकरी सोडून कोल्हापुरात आलो, मासिक काढलं आणि तुला वडगावाहून उचलून आणलं. तू लिहायला तयार नव्हतास. म्हणायचास, "बोलतो ते गोड लागतंय, लिवलं की त्याचा काढा हुतोय." तरी लिहिलंस. पहिली कादंबरी लोकांनी तालमीत बसून मोठ्यानं वाचली. तू मात्र सकाळी बांगड्यांची पेटी घेऊन निघायचास ते निघायचासच. मी म्हटलं, आता लेखक झालास, हे सोड. तू म्हणालास, "आणि गोष्टी काय झाडाला लागत्यात?" मला पटलं नव्हतं. आता पटतं.

लेखकांशी बोलून त्यांचं बोलणं छापायचं ही माझी हौस. लोकांना वाटायचं, प्रश्न मास्तर विचारतात. खरे प्रश्न तुझे असायचे. ते ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणारे वकील आठवतात? गादीवर लोडाला टेकून बसले होते, आणि मोठ्या रुबाबात म्हणाले, मी आधी शेवट लिहितो, मग मागं येत येत बाकीचं. मी मान डोलावून लिहून घेत होतो. तू कोपऱ्यातनं म्हणालास, "मग मधलं कशाला लिवता? तुमाला तर समदं कळलंय." वकीलसाहेब लाल झाले. मला वाटलं आता आपल्याला जिन्यावरनं खाली घालवणार. पण ते लोड सोडून पुढं झुकले आणि म्हणाले, "खरं सांगू? मधलं लिहिताना मला कंटाळाच येतो." त्या महिन्याच्या अंकात सगळ्यात गाजलेलं वाक्य तेच. ते काढलंस तू, नाव झालं माझं. मी बांगडी चढताना नुसता बघत बसलेलो.

आणि ते दुसरे, नाटकवाले. आयुष्य कंपन्यांना नाटकं लिहून देण्यात गेलं, म्हातारपणी आपल्या गावात सिनेमा निघाला तेव्हा सिनेमाला गोष्टी लिहून द्यायला लागले. आपण त्यांना भेटायला गेलो तेव्हा सिनेमा काढायच्या शेडमध्ये पांढरं कापड वर ताणलेलं, आरशांनी ऊन फिरवून आत घेतलेलं, आणि ते बाहेर बाजेवर एकटे बसलेले. मी विचारलं, नाटक आणि सिनेमात फरक काय वाटतो? ते म्हणाले, "हयातभर लोकांच्या तोंडात शब्द घातले. इथं तोंड हलतं, आवाज येत नाही. आता मी नुसते हात लिहितो." फार थकून बोलले. मला वाईट वाटलं.  परत येताना तू शुक्रवार पेठेत थांबून म्हणालास, "नुसते हात. मास्तर, हे मला जमंल."

मला तेव्हा कळलं नाही, तुला का जमेल. तू समजावलंस. सरदारांच्या घरी, तुमच्यातल्या मोठ्या घरी बायका पडद्याआड बसायच्या आणि पडद्याखालनं हात तेवढा बाहेर यायचा. तोंड कधी बघितलं नाहीस. पण हातावरनं तुला कळायचं, ही रडलेली आहे, ही रागावलेली आहे, हिला दिवस गेलेत, हिला सासू जेवू घालत नाही. वडगावपासून कोल्हापूरपर्यंतच्या बायका तू हातांनी ओळखत होतास. म्हणालास, "मी आजपतूर हातच वाचलेत की."

तुझा पहिला सिनेमा मला अजून हसवतो. गोष्ट तुझी, नायिका मात्र तालमीतला गडी. गोरा, नाकीडोळी नीटस, पण मनगट असं की बांगडी बोटांतच अडायची. कंपनीच्या मालकांनी तुलाच हाक मारली. गोष्ट लिहिणारा माणूस उन्हात उकिडवा बसला आणि त्या पैलवानाला पाटलाच्या म्हशीची गोष्ट सांगत त्याच्या हातात बांगड्या भरल्या. घरी येऊन म्हणालास, "लेखक म्हणून बोलावलं, मणेर म्हणून राबवलं. पर भरल्या की नाय?" तू हसत होतास. मला मात्र तुझी कीव आली आणि मालकांचा संताप. तुला कशाचाच संताप यायचा नाही, याचाच मला संताप यायचा.

मग तू सिनेमाच्या तंबूत जाऊन बसायला लागलास. पडद्यावर मजकुराची पाटी आली की ज्यांना वाचता येई ते सगळे मोठ्यानं वाचायचे, ज्यांना येत नसे त्यांच्यासाठी. कोणी पुढं, कोणी मागं, नुसता कल्ला. तू बघून ठेवलंस की एका दमात वाचून होईल एवढीच पाटी लोकांच्या कानात शिरते. त्याहून लांब असली की माणसं मधेच चणे खायला लागतात. तेव्हापासून तुझी वाक्यं तोकडी झाली. पाट्यांतली झाली ते ठीक. कादंबरीतलीही झाली. आधी तुझं वाक्य वडगावच्या बाजारासारखं पसरायचं, वाटेत चार माणसं भेटायची. आता "चंद्रा उठली. घागर घेतली. निघाली." मी म्हटलं, दस्तगीर, तुला सिनेमानं बिघडवलं. तू म्हणालास, "बिघडवलं न्हाई, दमवलं. दमलेला माणूस कमी बोलतोय."

यावर आपण वर्षभर भांडलो. भांडण मिटलं नाही. आज मी स्वतः दमलो आहे आणि बघ, माझीही वाक्यं तोकडी पडायला लागलीत.

आता तुझी ती शेवटाची खोड. लोकांना ती माहीत नाही आणि सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तू गोष्टीचा शेवट कधी एकट्यानं ठरवला नाहीस. मनात एक शेवट धरायचा आणि भेटेल त्याला कानात सांगायचा, "तुलाच म्हणून सांगतो." ऐकणारा मान डोलावून बेस हाय म्हणाला की तो शेवट तू टाकून द्यायचास. ऐकणारा भांडायला उठला, असं कसं म्हणाला, तुझ्या बापाला शिव्या घातल्या, की तो शेवट तू ठेवायचास आणि नेमका तोच लिहायचास. मी म्हटलं, हे उलटं झालं. तू म्हणालास, "बांगडी सुळकन गेली म्हंजी ती ढिली हाय मास्तर. उद्या घागर उचलताना गळून पडंल. जी चढताना बाई शिव्या देती, तीच हातात ऱ्हाती." पहिल्या कादंबरीच्या शेवटावर मी तुझ्याशी आठ दिवस बोललो नव्हतो. तोच छापलास. लोक अजून त्याचंच नाव काढतात.

आणि चंद्राचा शेवट तू मला सांगितलास तो तुझ्या शेवटच्या दुपारी. तू भिंतीला उशी लावून बसला होतास. तुझ्या कारभारणीनं, हलीमाभाभींनी, काढा आणून ठेवला होता, तो तसाच निवत होता. मी खरं तर तुझी मुलाखत घ्यायला आलो होतो. साऱ्या लेखकांचं बोलणं छापलं, तुझंच राहिलं होतं. जेव्हा जेव्हा प्रश्न विचारला तेव्हा तू माझाच हात सैल केलास आणि मीच माझ्या लहानपणाचं सांगत बसलो. त्या दुपारी विचारलं, "दस्तगीर, तुला लेखक कशानं केलं?" तू म्हणालास, "ते मरू दे. शेवट ऐक."

तू असा हात वर करून सांगितलंस. "हाक आली. रामू नाव घेऊन निघाला. चंद्रा अल्याड उभी. सकाळचं ऊन डोळ्यावर येतंय म्हणून तिनं हात वर धरला. हातात बांगड्या. सखारामानं पल्याडनं त्या बघितल्या. आपण मेलो म्हणून खबर गेलती हे त्याला ठाव हाय. मग बायकोच्या हातात बांगड्या कशा? काय ते त्याला कळलं. नाव पोचायच्या आत तो वळला. रामू रिकामी नाव घेऊन परत आला आणि तिला म्हणाला, कोण न्हवतं गं तितं. संपलं."

"संपलं?" मी म्हटलं.

"संपलं की."

"हा सिनेमा झाला. बोलणं न्हाई चालणं न्हाई, नुसता एक हात. दोन वर्षं लोकांना बसवून ठेवलंस आणि दोन नवरे एकमेकांशी एक शब्द बोलत न्हाईत? ती कुणाची, हे तिला कोणी विचारतसुद्धा न्हाई?"

"तिनं हात वर केला. तिचं सांगून झालं."

"आणि मला हे सांग, पंचगंगेचं पात्र केवढं. पल्याडनं बांगडी दिसती का?"

"दिसती."

"न्हाई दिसत."

"काचेची हाय. उन्हात हाय."

"हिऱ्याची असली तरी न्हाई दिसत. मी मास्तर हाय, मला शिकवू नको."

तू उठून बसलास. डोळ्यांत ते जुनं पाणी चमकलं. मला वाटतं त्या महिन्यात पहिल्यांदाच तुला बरं वाटत होतं. मग खोकल्याची उबळ आली आणि ती थांबेना. भाभी धावत आल्या, तुझी पाठ चोळत मला म्हणाल्या, "मास्तर, तुमचं भांडण उचला आन् घरला जावा. ह्यांना धाप लागलीया." मी जोडा घालत होतो तेव्हा तुझा आवाज आला, खोकत, हसत. "मास्तर, उद्या ये की. ऱ्हायलेलं भांडण उद्या."

ती रात्र सरली आणि सकाळी तू गेलास. त्या सकाळचं मला सांगायचं आहेच, पण आधी तिसऱ्या दिवशी जियारतीला तुझ्या घरात काय झालं ते ऐक. ऐकण्यासारखं आहे.

सतरंजीवर सगळे बसले होते. वडगावाहून तुझा मामेभाऊ इलाही आला होता. तुझा टांगेवाला बाबू होता. सिनेमाच्या यंत्राचा दांडा फिरवणारा तुकाराम होता. फातिहा झाली, पाणी फिरलं. मग कोणी विचारलं नसताना इलाही म्हणाला, "बिचारी चंद्रा शेवटी पाण्यात उडी घेती. मला एकट्याला सांगितलंतं भाईनं."

बाबू म्हणाला, "कुणी सांगितलं? ती सखारामासंगं जाती. टांग्यात बसून माझ्या कानात सांगितलंय त्येनं."

"खुळा का काय तू," तुकाराम म्हणाला. "दोघं नवरे मिठी मारत्यात आन् तिघं एका घरात ऱ्हात्यात. मला शेडच्या मागं नेऊन सांगितलंय, कुणाला बोलू नको म्हणून."

झालं. तुझ्या जियारतीत चंद्रावरनं जुंपली. कोणाचाही आवाज चढायला नको होता आणि सगळ्यांचा चढला. पण दस्तगीर, ते चंद्रासाठी भांडत नव्हते. प्रत्येकाला वाटत होतं, आपण तुझ्या जिवाभावाचे, गुपित आपल्यालाच ठाऊक. ते एकाएकी सगळ्यांत वाटलं गेलेलं निघालं. इलाहीच्या डोळ्यांत पाणी आलं.  मीही त्यांच्यातलाच एक की काय? पंचवीस वर्षं ज्याला मैतर म्हटलं त्यानं मलाही टांगेवाल्यासारखं नुसतं चाचपून बघितलं?

मी इलाहीला विचारलं, "उडी घेती म्हणून सांगितल्यावर तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? बेस हाय म्हटलं."

बाबूला विचारलं. तोही म्हणाला, मी व्हय म्हटलं. तुकाराम म्हणाला, मला तर लई आवडला, मी पाठ थोपटली त्याची. मग दाराआडनं भाभी बोलल्या.  "मला म्हणाले, दोघं बी नवरे तिला टाकून जात्यात. मी म्हटलं, जाऊ देत, तिचं तिला बरं." सगळे हसले. त्या घरात, त्या दिवशी, हसले. तू असायला हवा होतास.

मग भाभी म्हणाल्या, "समद्यांनी मान डोलावली मास्तर. भांडलासा ते तुमीच एकटे." आणि थोड्या वेळानं, "मी हाकलायला नको हुतं तुमाला. भांडताना बरे दिसत हुते."

 भाभींना तुझी खोड ठाऊक होती आणि हिशेब सरळ होता. बाकीचे सगळे शेवट तू टाकलेले. राहिला तो एकच, ज्यावर माणूस भांडला. रिकामी नाव. खोड सांगितल्यावर सगळ्यांची समजूत पटली, इलाहीचीसुद्धा. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण माझ्याजवळ एक गोष्ट होती जी त्या सतरंजीवर कोणालाच ठाऊक नव्हती, आणि ती आज तुला सांगतो.

भाभींनी घालवल्यावर त्या संध्याकाळी मी घरी गेलो आणि लक्ष्मीला तावातावानं सगळं सांगितलं. म्हटलं, हा माणूस आता नदीच्या पल्याडनं बांगड्या बघायला लागला. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "जाऊन बघितलंसा का?" मी म्हटलं, बघायचं काय त्यात. "मग कसं म्हंता दिसत न्हाई? भावजी हातातला माणूस. तुमी पुस्तकातले."

सकाळी उठून मी नदीवर गेलो. घाटावर नाही, खाली नावेच्या उताराला, तू चंद्राला जिथं उभी केलीस तसल्या जागी. ऊन नुकतं वर आलं होतं. पल्याड बायका धुणं धूत होत्या. तोंडं दिसत नव्हती, लुगड्यांचे रंग तेवढे कळत होते. मी मनात म्हटलं, बघ, काय दिसतंय? तेवढ्यात एकीनं कपाळावरचे केस मागं सारायला हात वर केला आणि मनगटापाशी लखकन काहीतरी चमकलं. मग दुसरीचा हात वर गेला, तिचाही चमकला. बांगडी दिसत नव्हती दस्तगीर, पण बांगडी आहे हे दिसत होतं. आणि त्यांच्यात एक बाई होती, तिनं पिळा झटकायला दोन्ही हात वर केले आणि काहीच चमकलं नाही. ती कोण, कुठली, मला ठाऊक नाही. तिचा नवरा गेला आहे हे मला अल्याडनं कळलं. 

सखाराम का वळला ते मला तेव्हा समजलं. कोणी कोणाशी बोलायचं राहिलंच नव्हतं. चंद्रा कोणाची, हे विचारायला नावेत बसून जायची गरज नव्हती.

मी नदीवरनं तसाच तुझ्या घराकडं निघालो. चालत नव्हतो, पळत होतो, ह्या वयात. वाटेत बाबूनं टांगा थांबवून विचारलं, काय झालं मास्तर, तर त्याला म्हटलं, हरलो. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्याशी भांडायला नव्हे, हरायला येत होतो. मनात वाक्य जुळवत होतो. दस्तगीर, दिसती रे. तुझं खरं. शेवट तसाच ठेव, काना मात्रा हलवू नको. हे ऐकून तुझं तोंड कसं होईल ते मला दिसत होतं.

तुझ्या गल्लीत वळलो. दारात माणसं नव्हती अजून. आवाज नव्हता. उंबऱ्याबाहेर सकाळच्या उन्हात हिरव्या काचांचे तुकडे पडले होते. लांबनंच चमकले. गल्लीतल्या साऱ्या बायकांचे हात तू भरायचास. भाभींचे तर तूच भरले होतेस.

मला कोणी काही सांगायची गरज पडली नाही. सखारामाला नाव पोचायच्या आत वळता आलं. मला वळता आलं नाही, आत यावं लागलं.

तेव्हापासून मी हा विचार करतो आहे. त्या सकाळी तू घोटभर श्वास राखून असतास, मी येऊन मान डोलावली असती, तर तुझ्या खोडीप्रमाणं तू तो शेवट टाकून दिला असतास. म्हणाला असतास, "मास्तरालाबी पटला? मग ढिला हाय." आणि रिकामी नाव कुठंतरी वाहून गेली असती. मी पोचलो नाही म्हणून ती राहिली. ह्या गोष्टीचं मला समाधान वाटावं की छाती बडवून घ्यावी, कळत नाही. लक्ष्मी म्हणते, दोन्ही करा, कोण अडवतंय.

म्हणून ठरवलं. कोऱ्या दोन पानांवर तुझा शेवट मी तू सांगितलास तसा छापतो आहे, तुझ्या तोकड्या वाक्यांत, आपल्या भांडणासकट. माझे प्रश्न, तुझी उत्तरं, मध्ये भाभींचं बोलणं. तुझी मुलाखत राहिली होती ती अशी झाली. लोकांनी वाचावं, भांडावं, माझ्या ओट्यावर येऊन पाटलाच्या म्हशीचंही काय झालं ते विचारावं. मी पाणी देईन.

आणि नदीवर मी काय बघितलं ते इथं एकदा लिहिलं, ते तुझ्यासाठी. पण कोणी तोंडावर विचारलं तर मी कबूल करणार नाही. तुला तर मुळीच नाही. मी मान डोलावली की तू ती नाव बुडवशील, तुझा भरवसा नाही मला.

तेव्हा ऐक. मी मास्तर आहे, मला शिकवू नको. पंचगंगेचं पात्र केवढं मोठं. पल्याडनं बांगडी दिसत न्हाई, दस्तगीर. अजिबात दिसत न्हाई. ऊठ, भांड माझ्याशी.